डोळ्याखालची रेघ

आमच्या घरात अकरा महिने एक काचेची टाकी होती आणि तिच्यात मासा नव्हता. खारं पाणी होतं, दगड होते, दिवा होता, पाणी फिरवणारी छोटी मोटर दिवसभर गुरगुरत होती. मासा तेवढा नव्हता. घरी येणारा आधी टाकीत वाकून बघायचा, मग माझ्याकडे बघायचा, आणि मी काही बोलायच्या आत ताई उत्तर द्यायची, "अभ्यास चाललाय त्याचा. पास झाला की मासा येईल."

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी. शाळेत शिवणकाम शिकवायची. मेहुणे गेल्यावर आम्ही दोघं एकत्र राहायला लागलो. ती माझ्याकडे राहते की मी तिच्याकडे, हे अजून आमच्यात ठरलेलं नाही. मी लग्न केलं नाही. छत्तीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली. लेखकाची मूळ प्रत डावीकडे, छापलेला कागद उजवीकडे, आणि मान दिवसभर डावी-उजवी, डावी-उजवी. या कामात माणूस हुशार होतो असं लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की माणूस फक्त घाबरट होतो. आपण पाहिलं ते खरंच तसं होतं का, ही शंका एकदा डोळ्यांत शिरली की निवृत्तीनंतरही निघत नाही.

निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला एक लहान टाकी आणि तिच्यात एक मासा भेट दिला. मँडरिन नावाचा, समुद्रातला. बोटाएवढा. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेघा, जणू कोणीतरी नवी शाई आणून कागदावर हात मोकळा करून पाहिलाय. मला आयुष्यात कोणी इतकी देखणी वस्तू दिली नव्हती. वस्तू म्हटलं, हेही चुकलंच. मी त्याला डबीतलं कोरडं खाणं दिवसातून तीनदा घालायचो. तो कणांखाली यायचा, बघायचा आणि कण तळाला जाऊ द्यायचा. मला वाटलं, स्वारी जरा नखरेल आहे. हळूहळू त्याचं पोट आत गेलं. सतराव्या दिवशी तो दगडाला टेकून होता तो तसाच राहिला.

पुढे एका पुस्तकात वाचलं की हा मासा दगडांवरचे टाचणीच्या टोकाएवढे जिवंत किडे एकेक करून टिपतो, उजाडल्यापासून मावळेपर्यंत. कोरडं खाणं त्याला खाणं वाटतच नाही. नव्या टाकीत ते किडे नसतात. ते वाढायला वर्ष जातं. म्हणजे तो भरल्या ताटापुढे उपाशी मेला होता, आणि ताट वाढणारा मी होतो. ते पान मी तेव्हा सात-आठ वेळा तरी वाचलं असेल, छपाईची चूक सापडते का म्हणून.

त्यानंतर मी ठरवलं की तोच मासा पुन्हा आणायचा, पण या वेळी सगळं वाचून. माझ्या हातून दुसरा मरू द्यायचा नाही, एवढीच इच्छा. मोठी नव्हती. माझ्या इच्छा सहसा मोठ्या नसतात.

वाचनालयात जेवढं होतं तेवढं वाचलं. एक जाड वही केली. मोठी टाकी आणली, समुद्रातले दगड आणले. त्या दगडांच्या छिद्रांत किडे, अळ्या, शेवाळ असं बरंच काही नांदत असतं, म्हणून त्यांना जिवंत दगड म्हणतात.

"दगड जिवंत?" ताई म्हणाली. "आणि रात्री खोकतो-बिकतो का तो?"

"अगं, त्याच्या आत जीव असतात."

"बरं. त्यांना चहा लागत असेल तर आधीच सांग."

मी संध्याकाळी भिंग घेऊन काचेपाशी बसायचो आणि काचेवर धावणारे पांढरे ठिपके मोजायचो. तिसऱ्या महिन्यात दोन दिसले. सहाव्यात वीसेक. दहाव्या महिन्यात मोजणं सोडून द्यावं लागलं. त्या दिवशी मी ताईला हाक मारली, तिने चष्मा वर करून, डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हे सगळं मुंग्यांसाठी? मासा येईपर्यंत आपण दोघं असू ना रे?" पण दुसऱ्या दिवशी मी आंघोळ करून बाहेर आलो तर ती भिंग घेऊन तिथे बसलेली दिसली.

आता कप्तानाविषयी सांगायला हवं.

त्याचं माशांचं दुकान दातांच्या दवाखान्याखाली आहे. आत शिरलं की दमट हवा, निळा उजेड आणि पन्नास मोटरींची घरघर. वरून अधूनमधून दात कोरायच्या यंत्राचा आवाज. तो पांढरी टोपी घालतो, पुढे सोनेरी नांगर असलेली, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणतात. जहाजावर तो कधी चढलेला नाही. बसमध्ये बसलं तरी त्याला मळमळतं, हे त्यानेच मला सांगितलं. पन्नाशीचा, अंगाने भरलेला, बोलका. मला तो प्रोफेसर म्हणायचा.

"मी प्रोफेसर नाही हो," मी पहिल्यांदा म्हणालो.

"मी तरी कुठे कप्तान आहे? चालवून घ्या."

दर गुरुवारी दुपारी मी तिथे जायला लागलो. काउंटरच्या आतल्या बाजूला एक पालथी बादली होती, तिच्यावर त्याने माझ्यासाठी एक उशी टाकली होती. मी आठवडाभरात वाचलेलं सांगायचो. एखादं गिऱ्हाईक काही विचारायला आलं की तो टोपी मागे सरकवून म्हणायचा, "थांबा, हे आपल्या प्रोफेसरांना विचारू," आणि मग खरोखरच माझ्याकडे वळून थांबायचा. मला बोलायला वेळ लागतो. वाक्य मनात दोनदा तपासल्याशिवाय तोंडातून निघत नाही. बहुतेक लोक तोवर विषय बदलतात. कप्तान थांबायचा. या वयात मला मित्र मिळाला असं मला वाटायला लागलं होतं. ताईला मात्र मी हे तेव्हा सांगितलं नाही, ती हसली असती.

अकराव्या महिन्यात मी त्याला म्हणालो की आता मासा बघायला हरकत नाही. आणि वहीतला माझा नियम वाचून दाखवला. मासा दुकानात तीनदा खाताना पाहायचा, दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने, आणि मगच घरी न्यायचा. एकदा खाल्लं म्हणजे काही नाही. नवीन आलेला मासा पहिल्या दिवशी भुकेने काहीही टिपतो. महिनाभर खात राहिला, पोट गोल राहिलं, तर तो जगणारा.

"तीनदा?" कप्तान म्हणाला. "अहो, लोक घर घेताना एकदा बघतात."

"घर मरत नाही," मी म्हणालो. असं काही चटकन मला सुचत नाही, म्हणून लक्षात राहिलं. तो खूप हसला. पुढच्या गुरुवारी या म्हणाला, बुधवारी माल येतो.

गुरुवारी तो मला मागच्या खोलीत घेऊन गेला. तिथे एका छोट्या टाकीवर फडकं टाकलेलं होतं. ते त्याने उचललं. मासा तळाशी दोन परांवर टेकून, जणू हातावर रेलून, माझ्याकडे बघत होता. कप्तानाने ड्रॉपरने नुकती उबवलेली कोळंबीची पिल्लं सोडली, नारिंगी धुळीसारखी. मासा पुढे सरकला, थांबला, नेम धरला आणि टिपलं. पुन्हा थांबला. पुन्हा टिपलं. मी एकोणीस मोजले. पोट गोल होतं.

मग मी वही काढून त्याचं चित्र काढलं. चित्रकला मला येत नाही, पण नक्कल करता येते. आयुष्यभर दुसरं काय केलं. पुस्तकात वाचलं होतं की प्रत्येक मँडरिनच्या तोंडावरच्या रेघा वेगळ्या असतात. याच्या डाव्या डोळ्याखालून एक नारिंगी रेघ निघून कल्ल्याकडे जात होती आणि मध्येच तिला दोन फाटे फुटत होते. ते फाटे मी नीट काढले. खाली तारीख घातली.

"मधल्या काळात याला कोणी बघू नये," मी कप्तानाला म्हणालो. "नवीन जागेत ते घाबरतात. फडकं असू दे."

"तुम्ही म्हणाल तसं."

दोन आठवड्यांनी गेलो. फडकं उचललं. कोळंबीची पिल्लं, नेम, टिपणं. तेवीस. पोट गोल. मला इतका आनंद झाला होता की वही उघडायला मी जरा उशीरच केला. मग चित्र आणि मासा शेजारी धरले. मान डावी-उजवी, डावी-उजवी. रेघ डोळ्याखालून निघत होती आणि सरळ कल्ल्यापर्यंत जात होती. फाटे नव्हते.

"कप्तान," मी म्हणालो, "याच्या डोळ्याखालच्या रेघेला दोन फाटे होते ना?"

तो माझ्या खांद्यावरून वाकला. चित्राकडे पाहिलं. माशाकडे पाहिलं. आणि त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"प्रोफेसर, चष्म्याचा नंबर तपासून घ्या. तोच आहे हो. मागच्या वेळी काचेवर ओघळ आला असेल."

माझ्या धंद्यात एक नियम आहे. शंका आली तर समासात प्रश्नचिन्ह करायचं, मूळ मजकुराला हात लावायचा नाही. छत्तीस वर्षांत मी खोडरबर वापरलेलं नाही. आमच्या टेबलांवर ते ठेवतच नसत. तरी त्या दुपारी मी कप्तानाकडून खोडरबर मागून घेतलं, ते दोन फाटे पुसले आणि रेघ सरळ केली. मला वाटलं, माझ्याकडून चूक झाली असणार. मला नेहमीच आधी तसं वाटतं, आणि हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

शनिवारी मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. बाईंनी अर्धा तास तपासलं आणि म्हणाल्या, "तुमचा नंबर होता तोच आहे, आजोबा. या वयाच्या मानाने नजर छान आहे."

"नक्की?" मी विचारलं.

"पुन्हा तपासू?"

मी नको म्हणालो. रस्त्याने येताना मात्र वाटत राहिलं की बाई तरुण आहेत, त्यांच्याकडून काही सुटलं असेल.

आणखी दोन आठवड्यांनी, तिसऱ्या पाहणीला, रेघ पुन्हा वेगळीच होती. या वेळी फाटे नव्हते, पण कल्ल्यापाशी पोचताना तिने एक छोटं वेटोळं घेतलं होतं, अनुस्वाराएवढं. मी कप्तानाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हसला असता, आणि मी मुकाट्याने मान डोलावली असती. दोघांचाही वेळ वाचवला. खोडरबर घेतलं, रेघेचं टोक पुसलं, वेटोळं काढलं. मासा खात होता, पोट गोल होतं, नियम पूर्ण झाला होता.

"झाला की नाही पास?" कप्तान म्हणाला. "पुढच्या गुरुवारी घेऊन जा. मी स्वतः पिशवीत भरून देतो."

घरी आलो तेव्हा ताईला सगळं सांगितलं. तिने हातातलं शिवण बाजूला ठेवलं, म्हणाली, "म्हणजे आता खरंच येतोय? मला वाटलं होतं, प्रस्तावनेतच राहणार."

त्या बुधवारी सकाळी ती टाकीची बाहेरची काच पुसत होती. मी वही टेबलावर उघडी ठेवली होती. चित्राच्या पानावरून तिने अंगठा फिरवला, कापडाचा पोत बघते तसा.

"हे काय रे? इतकं खोडलंस?"

"दुरुस्त केलं."

"तू? तू कधी खोडरबर हातात धरलंस? लहानपणी माझ्या वहीतली चूक दिसली तरी बाजूला टिंब देऊन पळून जायचास." तिने पान वर उचललं. "आणि हे बघ. कापडावरची नक्षी उसवली तरी भोकं राहतात. खाली जुनं काढलेलं आहेच की."

तिने पान खिडकीकडे तिरकं धरलं. मी मागे उभा राहून पाहिलं. मी पेन्सिल जोरात दाबतो, ही सवय छापखान्यातली. पुसलेल्या जागी शिसं नव्हतं, पण कागदात खाच होती. तिरक्या उजेडात तीन रेघा एकमेकींच्या अंगावर पडलेल्या स्वच्छ दिसत होत्या. एकीला दोन फाटे. एक सरळ. एकीला वेटोळं.

"हे तीन वेगळे मासे आहेत," ताई म्हणाली. सहज म्हणाली, तीन वेगळे टाके आहेत म्हणावं तसं.

"नाही गं. एकच आहे. मी चुकत होतो."

"तीनदा? तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी?" ती माझ्याकडे वळली. "तू एकच चूक तीनदा करशील, हे मी मानते. तीन वेगळ्या चुका करण्याइतकी कल्पनाशक्ती तुला नाही."

मला हसू आलं नाही. तिलाही नाही. मी खुर्चीवर बसलो. ताई बराच वेळ काच पुसत राहिली, जी केव्हाच स्वच्छ झाली होती.

गुरुवारी मी वही घेऊन गेलो. कप्तान खुशीत होता. पिशवी, पेटी, सगळं काढून ठेवलं होतं. मागच्या खोलीत त्याने स्वतः फडकं उचललं. मासा वेटोळ्याचाच होता, मागच्या गुरुवारचा. पण तो आता तळाशी हलत नव्हता, आणि कल्ल्यांच्या मागे, पोटाच्या दोन्ही बाजूंना, खळगी पडायला लागली होती. ती खळगी मी ओळखतो. निवृत्तीनंतर सतरा दिवस मी ती पाहिली होती आणि तिचा अर्थ मला कळला नव्हता.

"पहिला कुठे गेला?" मी विचारलं.

"कोण पहिला?"

मी वही उघडून पान तिरकं धरलं, ताईने धरलं होतं तसं. उजेड नीट पडेना. त्यानेच पानाची दुसरी बाजू धरली. मग त्याला दिसलं. वरच्या मजल्यावर कुणाचा तरी दात कोरला जात होता.

"पहिला दहाव्या दिवशी गेला," तो म्हणाला. "दुसरा बुधवारी सकाळी, तुम्ही तिसऱ्यांदा बघायला यायच्या आदल्या दिवशी. नवीन माल दारात उभा होता, म्हणून..."

"तुम्ही त्यांना खायला घालत होतात ना? कोळंबीची पिल्लं?"

"अहो, ती रोज कोण उबवत बसणार? तुम्ही येणार असलात की उबवायचो. बाकी दिवस डबीतलं."

डबीतलं. मला वाटलं, मला खाली बसायला हवं, पण बादली पुढच्या खोलीत होती.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मासा घेतला असता?"

"नसता."

"मग? अकरा महिने तुम्ही त्या रिकाम्या टाकीपुढे बसलात. पहिलाच मेला असं मी सांगायचं, आणि तुम्ही परत वही उघडून सहा महिने वाचत बसायचं." त्याने टोपी काढून टाकीशेजारी ठेवली. टोपीशिवाय तो वयस्कर दिसत होता. "आणि मी काय खोटं बोललो हो? खाताना दाखवा म्हणालात, तीनदा दाखवला. तोच दाखवा असं कुठे म्हणालात?"

मी खरंच वहीतला नियम काढून पाहिला. त्याच्या समोर, तिथल्या तिथे. 'मासा तीनदा खाताना पाहावा.' तेवढंच होतं. क्षणभर मला वाटलं, बरोबर आहे त्याचं, मीच नीट लिहिलं नाही. मग दुसरं आठवलं.

"मी तुम्हाला विचारलं होतं," मी म्हणालो. "रेघ दाखवून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, तोच आहे. चष्मा तपासून घ्या म्हणालात. मी तपासून आलो, कप्तान."

त्याने टोपी उचलली, फिरवून पाहिली, पुन्हा ठेवली.

मला चिडता येत नाही. येत असतं तर त्या दिवशी उपयोग झाला असता. मला त्याला सांगायचं होतं की मासे मेले हे एक, पण माझा डोळा मला बरोबर सांगत होता, आयुष्यात पहिल्यांदा अगदी बरोबर सांगत होता, आणि तुम्ही पाठीवर हात ठेवून तो खोटा ठरवलात. पाठीवरचा तो हात मला किती बरा वाटला होता, हेही. वाक्य मनात तपासत राहिलो. तो थांबला होता, नेहमीसारखा. वाक्य निघालं नाही.

"घेणार आहात का?" शेवटी त्यानेच विचारलं, हलक्या आवाजात. "नसाल घेणार तर मी समजू शकतो."

हा प्रश्न खरा तिथेच सुटायला हवा होता. उलट फिरून निघून जावं, असं माझ्या पायांना वाटत होतं. पण मी गेलो असतो तर फडकं पुन्हा पडलं असतं, डबी उघडली गेली असती, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत दोन्ही बाजूंची ती खळगी आत एकमेकींना भेटली असती. माझ्या खात्रीसाठी दोन मेले होते. मी नियम केला नसता, पहिल्याच गुरुवारी फाटे असलेल्याला घेऊन गेलो असतो, तर तो आज माझ्या दगडांवर किडे टिपत असता. हे मला कोणत्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

"भरा," मी म्हणालो.

त्याने पिशवी अगदी काळजीपूर्वक भरली. गाठ दोनदा तपासली. दारापर्यंत पेटी घेऊन आला.

"गुरुवारी याल ना?" तो म्हणाला. "तुम्ही यायचात ते मला... म्हणजे, बरं वाटायचं. धंद्याचं सोडा."

मला वाटतं, हे तो खरं बोलत होता. त्यामुळेच जास्त लागलं. खोटा मित्र निघाला असता तर मी ते समजू शकलो असतो. हा मित्रही होता आणि त्याने हे केलंही. मी पेटी छातीशी धरून घरी आलो, पाणी हिंदकळू नये म्हणून इतक्या हळू की ताई फाटकापर्यंत बघायला आली होती.

पुढचं वहीत लिहून ठेवलं आहे. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, थेंबाथेंबाने पाणी मिसळलं, दीड तासाने मासा सोडला. तो सरळ एका दगडाच्या खोबणीत गेला. ताई आणि मी खुर्च्या ओढून बसलो. बराच वेळ काही झालं नाही.

"खाईल ना रे?" ताईने विचारलं. तिचा आवाज ऐकून मला कळलं की हिनेही अकरा महिने वाट पाहिली आहे.

मासा बाहेर आला. दगडाच्या कडेवर परांनी रेलला. मान किंचित तिरकी केली, जणू एखादं बारीक अक्षर वाचतोय. आणि टिपलं. मग थोडं सरकून पुन्हा. दगडावर त्याच्यासाठी अकरा महिन्यांचं वाढलेलं होतं. ते मी पुस्तकांवरून बरोबर केलं होतं, एवढं मला मान्य करायला हवं. मी मोजायला लागलो आणि पंचेचाळिसाव्याला ताई म्हणाली, "पुरे आता, जेवणाऱ्याचे घास मोजू नयेत."

खळगी भरायला तीन आठवडे लागले. त्या तीन आठवड्यांत मी एक काम केलं. वहीत दोन कोरी पानं घेतली, जुनं पान खिडकीपाशी तिरकं धरलं, आणि पुसलेले दोन्ही मासे खाचांवरून पुन्हा काढले. या वेळी शाईने. पहिला बहुतेक पूर्ण मिळाला, दोन्ही फाट्यांसकट. दुसऱ्याचा डावा गाल मिळाला. त्याच्या पाठीवरच्या रेघा मी काढल्याच नव्हत्या, त्या दिवशी फक्त डोळ्याखालची रेघ दुरुस्त केली होती. तिथे मी समासात प्रश्नचिन्ह केलं आहे. खाली तारखा घातल्या. निवृत्तीला भेट मिळालेल्या माशाचं चित्र मी कधी काढलंच नव्हतं.

कप्तानाने दोनदा निरोप पाठवला, ओळखीच्या गिऱ्हाइकाबरोबर. मासा कसा आहे, म्हणून. मी चांगला आहे असं कळवलं. एकदा त्या गिऱ्हाइकाने सांगितलं की बादली आणि उशी अजून तिथेच आहेत, त्यांच्यावर तो कोणाला बसू देत नाही. ताई म्हणाली, "जाऊन ये एकदा. शिव्या घालून ये हवं तर. मी लिहून देते, तू नुसत्या वाच." मी गेलो नाही. गेलो तर तो काहीतरी सांगेल आणि मी ते खरं मानेन, ही मला भीती आहे. मला स्वतःची चांगली ओळख आहे.

गुरुवारी दुपारी अजून सवयीने मी बाहेरचे कपडे घालतो. मग टाकीपुढे बसतो, वही उघडतो आणि माशाने डावा गाल माझ्याकडे करायची वाट पाहतो. डोळ्याखालून रेघ निघते, कल्ल्यापाशी जाते, तिथे तिचं वेटोळं असतं. माझ्याच घरात, माझ्याच टाकीत, जिथे दुसऱ्या कोणाचा हात जात नाही, तिथे मी दर गुरुवारी त्याला चित्राशी ताडून पाहतो. तोच असतो.

तरी पुढच्या गुरुवारी पुन्हा पाहतो.